गाय स्वस्त, कोटा महाग

चार लिटर दुधाची मोठी पिशवी आणि तिच्या पोटात तीन लहान पिशव्या. ऑन्टारियोत राहणाऱ्या आपल्या मंडळींना यात काही नवल वाटत नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना तर परदेशातली ही एक गोष्ट तरी घरच्यासारखी वाटते! पण याच पिशवीवरून आपल्या कार्यक्रमांत, जेवणाच्या रांगेत, एक संवाद हमखास ऐकू येतो. शनिवारी बफेलोला खरेदीला जाऊन आलेले कोणीतरी म्हणते, "तिकडे दूध काय स्वस्त आहे हो!" मग दुसरे कोणीतरी "इथे सगळा कोटा आहे ना" असे म्हणून विषय संपवते आणि रांग श्रीखंडाकडे सरकते.

हा कोटा म्हणजे नेमके काय, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. वर्तमानपत्रांत त्याविषयी येते ते राजकारण म्हणून: तो ठेवावा की काढून टाकावा. या वादात पडण्याचा माझा विचार नाही. मला त्यातला वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे एका शेतकऱ्याचा कोटा दुसऱ्याकडे जातो कसा, आणि जावा कसा. दिसायला हा कारकुनी तपशील आहे. पण या प्रांतात पुढची तीस वर्षे गाई कोण पाळणार, हे बरेचसे त्यावरच ठरते.

मी शेतकरी नाही हे आधीच सांगतो. इंजिनिअरिंगची डिग्री घेतली आणि दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून सॉफ्टवेअर लिहितो. दुधाशी माझा संबंध चहापुरता. पण ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर ऑक्सफर्ड काऊंटीतला एक तरुण बसतो. वुडस्टॉक गावाजवळ त्याच्या वडिलांचा गोठा आहे, सुमारे ऐंशी गाईंचा. (वुडस्टॉकला एका गाईचा पुतळा आहे. 'स्नो काऊंटेस' हे तिचे नाव, आणि बटरफॅटचा विक्रम केल्याबद्दल तो १९३७ साली उभारला गेला. पुतळा उभारावा तर असा, कोणाच्या भावना दुखावत नाहीत!) गोठा थोरल्या भावाकडे जाणार. माझा सहकारी आपण होऊन शहरात आला. प्रश्न आहे धाकट्या बहिणीचा. तिने ग्वेल्फ विद्यापीठातून शेतीची पदवी घेतली, नवराही गोठ्यातच वाढलेला, कामाची दोघांनाही आवड. एकाच गोठ्यावर दोन कुटुंबे निभावत नाहीत, म्हणून त्यांना स्वतःचा गोठा उभा करायचा आहे. जमीन भाड्याने मिळते. चांगली दुभती गाय काही हजार डॉलरला मिळते. मिळत नाही तो कोटा. तिची हकिकत ऐकून मी कुतूहलाने नियम वाचू लागलो, आणि लक्षात आले की हा प्रश्न जेवढा शेतीचा आहे तेवढाच आमच्या धंद्यातला, म्हणजे अल्गोरिदमचाही आहे.

आधी कोटा म्हणजे काय ते पाहू. साठच्या दशकात कॅनडात दुधाचे भाव वर्षभर वर-खाली होत. कधी महापूर, कधी टंचाई. १९६५ साली ऑन्टारियोत दूध विक्रीचे प्रांतिक मंडळ स्थापन झाले, १९६६ साली ओटावात कॅनेडियन डेअरी कमिशन आले, आणि १९७०-७१ पासून देशभराची योजना आकार घेऊ लागली. कल्पना साधी: देशाला जेवढे दूध लागते तेवढेच काढायचे, बाहेरचे दूध मोठी जकात लावून थोपवायचे, आणि शेतकऱ्याला उत्पादनखर्चावर आधारित भाव द्यायचा. "जेवढे लागते तेवढेच" हे पाळायचे तर प्रत्येकाचा वाटा ठरवून द्यायला हवा. तो वाटा म्हणजे कोटा. आज ऑन्टारियोत हे काम 'डेअरी फार्मर्स ऑफ ऑन्टारियो' ही संस्था पाहते.

कोटा लिटरमध्ये मोजत नाहीत, दिवसाला किती किलो बटरफॅट यात मोजतात. आपल्याकडे गावच्या डेअरीवर "आज फॅट किती लागली?" असे विचारतात, त्यातलाच प्रकार. पण एक मोठा फरक आहे. कोल्हापूर-सांगलीकडे सभासदाने सोसायटीत जेवढे दूध नेले तेवढे घालता येते. एक म्हैस वाढवली म्हणून कोणाची परवानगी मागावी लागत नाही. इथे गाय वाढवायची तर आधी कोटा वाढवायला हवा. साधारणपणे एक किलो कोटा म्हणजे एक गाय असा ढोबळ हिशेब आहे. रोजचे चोवीसएक लिटर दूध धरा.

सुरुवातीला हे वाटे फुकट मिळाले. ज्याचे आधीचे उत्पादन जेवढे, त्याला त्या मानाने वाटा. म्हणजे तो होता एक परवाना, रेशनकार्डासारखा. पण परवाना हस्तांतर करता येऊ लागला की त्याला किंमत चढते, हे परमिट-लायसन्सच्या जमान्यात वाढलेल्या आपल्या पिढीच्या आईवडिलांना समजावून सांगायला नको. एका पिढीला फुकट मिळालेला कागद पुढच्या पिढीला विकत घ्यावा लागू लागला. पुढे ऑन्टारियो आणि क्यूबेकमध्ये त्याची किंमत किलोला तीस हजार डॉलरच्याही वर गेली. म्हणजे गाईपेक्षा तिचे दूध विकण्याची परवानगी कितीतरी पट महाग.

ही किंमत ठरत कशी असे, ते समजून घेण्यासारखे आहे, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. दर महिन्याला एक लिलाव होतो, त्याला 'कोटा एक्स्चेंज' म्हणतात. विकणारा कळवतो की माझा इतका कोटा, याच्या खाली देणार नाही. घेणारा कळवतो की मला इतका हवा, याच्या वर देणार नाही. मग सगळ्या बोली एकत्र मांडून अशी एकच किंमत शोधायची की जिथे विकाऊ माल आणि मागणी जुळतात, आणि व्यवहार त्याच एका किमतीला करायचे.

उदाहरण घेऊ. नावे आपलीच घालतो, म्हणजे लक्षात राहील. आकडे मात्र माझे, काल्पनिक. पाटील ३ किलो विकायला तयार आहेत, कमीत कमी २२,००० डॉलरला. जाधव २ किलो, २६,००० ला. मोरे ४ किलो, ३१,००० ला. घेणाऱ्यांत कुलकर्ण्यांना २ किलो हवेत, ३४,००० पर्यंत देतील. शिंद्यांना ३ किलो, ३०,००० पर्यंत. देशमुखांना ५ किलो हवेत, पण २४,००० च्या वर एक डॉलर देणार नाहीत. आता किंमत २८,००० धरा. पाटील आणि जाधव विकतील, एकूण ५ किलो. कुलकर्णी आणि शिंदे घेतील, तेही ५ किलो. जुळले! मोरे आणि देशमुख रिकाम्या हाताने परत. यात वशिला नाही, ओळख नाही, कोणी कोणाचा मेहुणा नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला ही पद्धत देखणी वाटते, हे मी कबूल करतो.

पण देखणी पद्धत देखणेच फळ देते असे नाही. किंमत चढतच गेली. बँका कोट्यावर कर्ज देत, कर्ज मिळते म्हणून बोली वाढे, बोली वाढली म्हणून तारणाचे मूल्य वाढे. शेतकऱ्याच्या मिळकतीतला मोठा भाग दूध काढण्यात नव्हे तर व्याज भरण्यात जाऊ लागला. शेवटी पूर्वेकडच्या पाच प्रांतांनी, म्हणजे ऑन्टारियो, क्यूबेक आणि समुद्राकाठच्या तिघांनी, आपापसांत धोरण जुळवले आणि किमतीला झाकण बसवले: आता किलोला २४,००० डॉलर, त्यावर नाही.

आता आपले उदाहरण पुन्हा चालवून पाहू. किंमत २४,००० वर बांधली. विकायला राहिले फक्त पाटील, ३ किलो. जाधव म्हणाले, एवढ्याला परवडत नाही, आणखी दोन वर्षे गाई ठेवतो. घेणारे मात्र तिघेही हजर, एकूण मागणी १० किलो. तीन किलो दहांत वाटायचे कसे? मागणीच्या प्रमाणात वाटले तर कुलकर्ण्यांना ६०० ग्रॅम, शिंद्यांना ९०० ग्रॅम आणि देशमुखांना दीड किलो. म्हणजे ज्या देशमुखांना आधी काहीच मिळत नव्हते त्यांना सर्वांत जास्त, कारण त्यांनी मागितलेच जास्त. ज्या कुलकर्ण्यांची नड सर्वांत मोठी, त्यांना सर्वांत कमी. शिवाय पाच किलोंचा व्यवहार तीनवर आला.

पुढच्या महिन्यात कुलकर्णी काय करतील? दोन किलो हवे असतील तर वीस मागतील. हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. लग्नात आईस्क्रीम मोजून देऊ लागले की माणसे कुटुंबातल्या गैरहजर सदस्यांच्या नावानेही कप मागतात. म्हणून अशा वाटपात मागणीवरही बंधने घालावी लागतात, प्रत्येकाला आधी थोडे सारखे आणि मग उरलेले प्रमाणात, असे थर लावावे लागतात. नियमावली जाड होत जाते. किमतीचे झाकण घातले म्हणून टंचाई गेली नाही. तिचे रूप तेवढे बदलले: पूर्वी पैसे मोजावे लागत, आता वाट पाहावी लागते.

सहकाऱ्याच्या बहिणीचा प्रश्न इथे येतो. तिला पोटापुरता म्हणून ६० किलो कोटा हवा असे धरा. २४,००० दराने ते झाले १४ लाख ४० हजार डॉलर, गाय, गोठा आणि धार काढायचे यंत्र सोडून. समजा बँकेने दिले. तरी एक्स्चेंजवर महिन्याला पाव किलो पदरात पडला, तर वर्षाला तीन किलो, आणि साठ किलोला वीस वर्षे! चालू गोठा असलेल्याला दरमहा पाव किलो चालतो, तो आपला हळूहळू वाढतो. शून्यातून सुरू करणाऱ्याला तसे चालत नाही. तीन गाईंसाठी दुधाचा टँकर दारात कोण आणणार?

अगदी दारच बंद आहे असे नाही. नव्या उत्पादकांसाठी मंडळाची योजना आहे. निवड झाली तर काही कोटा उसना मिळतो, तो पुढे टप्प्याटप्प्याने परत करायचा. योजना चांगली आहे, पण जागा मोजक्या आणि अर्ज करणारे पुष्कळ. दुसरी वाट घराण्याची. आईवडिलांकडून मुलाकडे कोटा जातो तेव्हा त्याला एक्स्चेंजच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. करातही सवलत आहे: शेतीची मालमत्ता मुलांना देताना नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो. थोरल्या भावाचा प्रश्न असा एका सहीत सुटतो. धाकटीचा सुटत नाही, कारण वडिलांचा कोटा एकच आहे, आणि दोघांत वाटला तर कोणाचेच भागत नाही. आपल्याकडे जमिनीचे तुकडे पडत गेले त्याच्या नेमके उलट इथे होते, पण दुःख त्याच जातीचे.

तिसरी वाट म्हणजे अख्खा चालू फार्म कोट्यासकट विकत घेणे. इथे मला मुंबईची पगडी आठवते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे गोठवले. भाडे कागदावर राहिले आणि खोलीची खरी किंमत टेबलाखालून पगडीच्या रूपाने बाहेर आली. कोट्याला २४,००० चे झाकण आहे, पण त्याच व्यवहारातल्या जमिनीला, गोठ्याला, ट्रॅक्टरला झाकण नाही. कोटा नियमाप्रमाणे २४,००० ला आणि मोडकळीला आलेला गोठा सोन्याच्या भावाला, असा मोह दोन्ही बाजूंना होणारच. म्हणून अशा विक्रीवर मंडळाला अटी घालाव्या लागतात, आणि अटी घातल्या की प्रामाणिक खरेदीदारालाही त्यांचा जाच होतो.

आता दुसरी बाजू. विकणारा कोण असतो? बहुधा साठी उलटलेला शेतकरी. आपण नोकरदार माणसे दर फेब्रुवारीत आर.आर.एस.पी.ची धावपळ करतो. त्याने ती कधी केली नाही, कारण जे उरले ते कोट्यात घातले. कोटा हेच त्याचे पेन्शन. शेतीच्या मालमत्तेवरच्या भांडवली नफ्याला आयुष्यभरात ठराविक रकमेपर्यंत करमाफी आहे आणि कोटा त्यात बसतो. ही मर्यादा २०१५ साली दहा लाख डॉलर झाली, आणि २०२४ च्या अर्थसंकल्पात ती साडेबारा लाखांवर नेण्याची घोषणा झाली. अशा माणसाला "तुमचा वाटा तर फुकटच मिळाला होता" असे म्हणणे अन्यायाचे आहे. फुकट मिळाला तो त्याच्या वडिलांना, किंवा ज्याच्याकडून त्याने घेतला त्याला. त्याने स्वतः कदाचित तीस हजारांनी घेतला असेल, आणि झाकणामुळे किलोमागे सहा हजारांचा खड्डा सोसला असेल.

या किमतीचा आपल्या पिशवीशी संबंध काय, हा प्रश्न अर्थविषयक पानावर यायलाच हवा. किलोला २४,००० डॉलर, व्याज समजा सहा टक्के, तर वर्षाला १,४४० डॉलर. किलोमागे वर्षाचे दूध सुमारे ८,७६० लिटर. भागाकार केला तर लिटरमागे सोळा सेंटच्या आसपास नुसते व्याज. पण याचा अर्थ दुकानातल्या किमतीत हे सोळा सेंट मिळवलेले असतात असा नाही. भाव ठरवताना आयोग उत्पादनखर्च पाहतो, त्यात कोट्याचे व्याज धरत नाहीत. गोष्ट उलट आहे. दुधाला चांगला, खात्रीचा भाव मिळतो म्हणून कोट्याला किंमत येते. ते सोळा सेंट नव्या शेतकऱ्याच्या खिशातून जातात. ज्याचा कोटा वडिलोपार्जित आहे त्याचे जात नाहीत. त्याच टँकरमध्ये, त्याच भावाने, शेजारी-शेजारी दोघांचे दूध. एकाला सोळा सेंट कमी मिळतात, आणि तो तरुण असतो.

इतरांनी काय केले? युरोपात १९८४ साली कोटा आला. ब्रिटनमध्ये तो जमिनीला बांधलेला होता, म्हणून कोटा विकायचा तर जमीन भाड्याने दिल्याचा कागद करावा लागे, इंग्लंडात किमान दहा महिन्यांचा. गाय त्या जमिनीचे तोंडही पाहत नसे. वकिलांची मात्र सोय झाली. जर्मनीत गाई विकून टाकलेले लोक कोटा भाड्याने देऊन घरी बसून खाऊ लागले. त्यांना तिकडे 'सोफामेल्कर' म्हणत, म्हणजे सोफ्यावर बसून धारा काढणारे! त्यांना आळा घालायला जर्मनीने २००० साली कोटा जमिनीपासून सोडवला, भाड्याचे नवे करार बंद केले आणि वर्षातून तीनदा भरणारा लिलाव सुरू केला. त्यात एक नामी युक्ती होती. जुळलेल्या किमतीपेक्षा ठराविक टक्क्यांहून वर गेलेली बोली बादच व्हायची. म्हणजे "वाटेल ती किंमत देतो" म्हणणाऱ्याला काहीच मिळायचे नाही. किमतीला झाकण न घालता आचेवर फुंकर घालण्याचा हा प्रकार मला आवडला. पुढे ३१ मार्च २०१५ ला युरोपातला कोटाच संपला. तो संपणार हे वर्षानुवर्षे आधी माहीत होते, म्हणून किंमत हळूहळू उतरत शेवटी नाममात्र राहिली होती. तरीही पुढच्या वर्षभरात दुधाचे भाव कोसळले आणि गोठे बंद पडले. "काढून टाका" म्हणणाऱ्यांनी हेही सांगायला हवे.

अगदी आपल्या अंगणातले उदाहरण तंबाखूचे. एरी सरोवराच्या उत्तरेला टिल्सनबर्ग आणि डेलहाय (स्पेलिंग आपल्या दिल्लीचेच, उच्चार त्यांचा) हा ऑन्टारियोचा तंबाखूचा पट्टा. तिथेही कोटा होता, तोही विकत घेतलेला, त्यावरही कर्जे. २००८-०९ मध्ये केंद्र सरकारने पौंडाला एक डॉलर पाच सेंट देऊन तो परत घेतला. एकूण खर्च सुमारे २८ कोटी ६० लाख डॉलर. दुधाच्या कोट्याला असा भाव द्यायचा म्हटले तर आकडा इतका मोठा होतो की कोणताही अर्थमंत्री तो विषय काढणार नाही. तेव्हा कोटा इतक्यात जात नाही, हे धरूनच विचार करायला हवा. जून २०२५ मध्ये संसदेने कायदा करून व्यापारी वाटाघाटींत या व्यवस्थेला हात लावण्यावर बंधन घातले, त्यावरूनही वारा कुठला आहे ते कळते.

मग करावे काय? झाकण काढून खुला लिलाव करा, असे माझ्यातला इंजिनिअर म्हणतो. आल्बर्टात झाकण नाही, तिथे कोटा मिळतो, रांग नाही. पण किंमत इथल्यापेक्षा बरीच वर असते, आणि तेवढे कर्ज काढून धंद्यात पडणारा नवखा व्याजदराच्या एका फटक्याने आडवा होतो. तेव्हा मी झाकणाच्या बाजूचा आहे, फक्त एका अटीवर: रांगेचे नियम रांगेत मागे उभ्या असलेल्याकडे पाहून करावेत. आज सगळ्यात मोठी संधी वाया जाते ती वेगळ्याच ठिकाणी. देशात लोण्याची, चीजची मागणी वाढली की एकूण कोटा वाढवतात, आणि ती वाढ बहुतांशी जुन्या धारकांना त्यांच्या प्रमाणात मिळते, फुकट. शंभर किलोवाल्याला एक टक्का म्हणजे एक किलो, चारशेवाल्याला चार किलो, धाकट्या बहिणीला शून्य टक्के म्हणजे शून्य. या वाढीचा मोठा हिस्सा काही वर्षे फक्त नव्यांना आणि अगदी लहान गोठ्यांना द्यावा. कोणाच्या ताटातले काढून घ्यायचे नाही, नवे वाढताना फक्त वाढपी दुसऱ्या टोकाकडून सुरू होईल. ब्रिटिश कोलंबियाप्रमाणे हस्तांतराच्या वेळी थोडा हिस्सा कापून नव्यांसाठी राखण्याचाही विचार करता येईल, पण त्याने विकणारा आणखी आखडतो, म्हणून तो उपाय मला दुय्यम वाटतो.

अडचण एवढीच की हे नियम करणारे संचालक शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले असतात, आणि मत असते कोटा असलेल्याला. रांगेत उभ्या असलेल्याला मत नाही. वर देखरेखीला प्रांताचा आयोग आहे, दाद मागायला न्यायाधिकरण आहे. पण अजून जो शेतकरी झालाच नाही, तो दाद मागणार कोणाकडे आणि कशाची? मंडळात माणसे वाईट नाहीत, कित्येकांची स्वतःची मुले याच पेचात असतील. पण आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचे नियम कोण ठरवते ते आठवा. ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते.

हे सगळे ऐकल्यावर आपल्या एका सभासदाने विचारले की कोटा गुंतवणूक म्हणून घेता येईल का. येत नाही. परवानाधारक उत्पादक असल्याशिवाय कोटा बाळगता येत नाही. शेअरसारखा घेऊन ठेवण्याची सोय नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र अलीकडे आपल्यापैकी काही जण शहराबाहेर शेतजमिनी पाहत आहेत, त्यांनी एक लक्षात ठेवावे. जाहिरातीत सुंदर लाल गोठा, सायलो आणि दूध थंड ठेवायची टाकी दिसली तरी "कोटा आहे का?" हे आधी विचारावे. बहुधा तो आधीच विकलेला असतो. मग त्या गोठ्यात पन्नास गाई बांधल्या तरी एक लिटर दूध टँकरात घालता येणार नाही.

शेळीच्या, मेंढीच्या आणि म्हशीच्या दुधाला मात्र इथे कोटा नाही. ऑन्टारियोत पाणम्हशी पाळणारे मोजके शेतकरी आहेत, आणि त्यांचे दूध मोझरेला चीजकडे जाते. सहकाऱ्याच्या बहिणीने सध्या शेळ्या घ्यायचे ठरवले आहे. म्हशींबद्दल तिने माझ्याकडे चौकशी केली होती, मी भारतीय म्हणून. मी तिला माझ्या मामाचा फोन नंबर दिला आहे.